‘निर्वंश’ : कुलवृत्तांतातला एक शब्द आणि अमेरिकेतल्या एका काउंटीचे दप्तर

१/ आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९५८ साली छापला गेला. माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाला त्यात दीड ओळ मिळाली आहे. जन्म शके १८०७, विवाहित, शके १८३३ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेस गेले, पुढे पत्ता नाही. शेवटी एकच शब्द : निर्वंश. या शब्दाची शहानिशा करण्यात माझी तीन वर्षे गेली. त्या शोधाची ही हकीकत. ज्यांच्या घरातले कोणी शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत गेले आणि परतले नाही, त्यांना वाट सापडावी म्हणून शोधाचे टप्पेही क्रमाने सांगते.

२/ प्रथम त्या शब्दाचा भार सांगितला पाहिजे. हे धाकटे पणजोबा गेले तेव्हा त्यांची पत्नी सतरा वर्षांची होती. घर त्यांना काकी म्हणे. माझ्या वडिलांच्या पिढीने काकीआजी म्हटले. मृत्यूची वार्ता कधीच आली नाही म्हणून त्या १९६१ साली वारल्या तोवर कुंकू लावत राहिल्या. त्यांना वाचता येत होते. कुलवृत्तांताची प्रत घरी आली तेव्हा आपल्या नवऱ्याच्या नावापुढचा तो शब्द त्यांनी वाचला असणार. त्यावर त्या काय बोलल्या, हे मात्र कोणी सांगितले नाही.

३/ माझ्या हाती होते एक रिकामे पाकीट. पत्र हरवलेले, पाकीट राहिलेले. त्यावरचा टपालाचा शिक्का भिंगातून वाचला : ब्रॉली, कॅलिफोर्निया, १९२०. आधी मला ‘ब्रॉली’ हे कोणा माणसाचे आडनाव वाटले. नकाशा उघडल्यावर समजले की ते गाव आहे, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या इम्पीरियल खोऱ्यातले. कोलोरॅडो नदीचे पाणी १९०१ साली कालव्याने तेथे आले आणि वाळवंटात कापूस, भाजीपाला, खरबुजे पिकू लागली. त्या शेतांवर पंजाबातून आलेले शेकडो लोक राबत होते.

४/ येथे पहिला धडा. आपण गावाच्या नावाने शोधतो; अमेरिकेतली दप्तरे काउंटीच्या नावाने लावलेली असतात. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग, ढोबळमानाने आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा. देशभर अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची संपूर्ण देशासाठी एकच अशी नोंदवही अमेरिकेत कधीच नव्हती आणि आजही नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘कोण?’ हा नसतो. ‘त्या वर्षी ते गाव कोणत्या काउंटीत होते?’ हा असतो.

५/ ‘त्या वर्षी’ हे शब्द महत्त्वाचे, कारण काउंट्यांच्या सीमा हलत राहिल्या. इम्पीरियल काउंटीच घ्या. ती १९०७ साली सॅन डिएगो काउंटीचा पूर्वभाग तोडून निर्माण झाली. त्या खोऱ्यात १९०५ साली कोणी जन्मले असेल तर त्याची नोंद सॅन डिएगोच्या दप्तरात शोधावी लागते. नवी काउंटी झाली म्हणून जुन्या वह्या तिकडे जातातच असे नाही; त्या बहुधा मूळ काउंटीतच राहतात. आपल्याकडे जिल्हे तुटल्यावर जुना फेरफार कोणत्या कचेरीत आहे हे विचारत फिरावे लागते, तसेच हे.

६/ दुसरा प्रश्न काळाचा. प्रत्येक राज्याने नागरी नोंदणी आपापल्या सवडीने सुरू केली. मॅसॅच्युसेट्समध्ये ती १८४० च्या दशकात सुरू झाली. न्यू जर्सीत १८४८, कॅलिफोर्नियात १९०५, पेन्सिल्व्हेनियात १९०६. जन्मनोंदणीच्या राष्ट्रीय व्यवस्थेत सगळी राज्ये यायला १९३३ साल उजाडले. त्यापूर्वीचे कोणी असेल तर काउंटीची वही, चर्चची वही, वर्तमानपत्रे आणि थडगी यांवरच भिस्त. विवाहाची नोंद मात्र पुष्कळदा जन्ममृत्यूच्या आधीपासून मिळते, कारण लग्नाशी वारसा आणि मालमत्ता जोडलेली असते. सरकार आपल्या गरजेपुरते लिहिते. वंशजांसाठी कोणी लिहीत नसते.

७/ तिसरा प्रश्न खिडकीचा. एकाच काउंटीत निरनिराळी दप्तरे निरनिराळ्या हाती असतात. लग्नाचा परवाना देतो तो काउंटी क्लार्क. जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जमिनीची खरेदीखते सांभाळतो तो रेकॉर्डर. मृत्युपत्रे, वारसा, पालकत्व, घटस्फोट यांचे कागद न्यायालयात. कोठे दोन कचेऱ्या एक झालेल्या, कोठे वेगळ्या. राज्याराज्यांत पदांची नावेही बदलतात. चुकीच्या खिडकीवर ‘नोंद नाही’ हे उत्तर मिळते आणि माणूस निराश होऊन परततो. त्या उत्तराचा अर्थ एवढाच : या खिडकीपाशी नाही.

८/ काही ठिकाणी नोंद खरोखरच नसते. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्ममृत्यूची दप्तरे जळाली. त्याचा एक चमत्कारिक परिणाम झाला. चिनी स्थलांतरितांवर कायद्याने बंदी होती. पण आपण याच शहरात जन्मलो असा दावा आता कोणी खोडून काढू शकत नव्हते. त्या दाव्यावर नागरिकत्व मिळाले आणि मग कागदोपत्री पुत्र म्हणून कित्येकांना चीनमधून आणता आले. १८९० च्या राष्ट्रीय जनगणनेची बहुतेक पाने १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत गेली. कोणती दप्तरे जळाली हे आधी ठाऊक असले म्हणजे शोधाची कित्येक वर्षे वाचतात.

९/ आता आमच्या शोधाकडे. पहिला धागा काउंटीच्या वहीत सापडला नाही, लष्करभरतीच्या एका पत्रकावर सापडला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने १९१७-१८ मध्ये तीन फेऱ्यांत पुरुषांची सक्तीची नोंदणी केली. नागरिक असो वा परकीय, ठरावीक वयाच्या प्रत्येकाला स्थानिक मंडळापुढे उभे राहावे लागे. अशी सुमारे २ कोटी ४० लाख पत्रके जपली गेली आहेत. १२ सप्टेंबर १९१८ च्या फेरीतल्या पत्रकावर एक रकाना आहे : सर्वांत जवळच्या नातलगाचे नाव आणि पत्ता.

१०/ त्या रकान्यात आमच्या गावाचे नाव होते. इंग्रजी अक्षरांत मोडतोड झालेले, पण मोठ्याने वाचल्यावर ओळखू येणारे. त्याआधी काकीआजींचे नाव आणि नाते : पत्नी. खाली धाकट्या पणजोबांची सही. सात वर्षे घर सोडून झालेला हा माणूस एका वाळवंटी गावात, परक्या कारकुनापुढे उभा राहून सांगतो आहे की माझे जवळचे माणूस कोकणात आहे. ते पत्रक पाहून मी वडिलांना दूरध्वनी केला. काकीआजींच्या मांडीवर ते वाढले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे विसरले नव्हते.”

११/ येथेच थांबले असते तर ही गोष्ट गोड झाली असती. पुढचा टप्पा जनगणनेचा. अमेरिकेत जनगणनेची नावानिशी पाने ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची पाने २०२२ साली खुली झाली. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांत वर्णाच्या रकान्यात ‘हिंदू’ असा एक प्रकार होता. मुसलमान असो वा शीख, हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण त्यात. १९२० च्या पानावर धाकटे पणजोबा सापडले : वर्ण हिंदू, विवाहित, मजूर, भाड्याच्या घरात चार पंजाबी माणसांसह. १९३० च्या पानावर ते पुन्हा सापडले. या वेळी घरात पत्नी होती आणि आठ वर्षांची मुलगी.

१२/ पत्नीचा वर्ण ‘मेक्सिकन’. हा प्रकार अमेरिकन जनगणनेत केवळ १९३० सालीच होता. मुलीच्या पुढे बापाचा वर्ण : हिंदू. त्या काळाचा कायदा ठाऊक नसेल तर हे पान कळत नाही. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दार बंद झाले. येथे असलेल्यांना पत्नीला आणणे दुरापास्त झाले. कॅलिफोर्नियात श्वेतवर्णीयांशी विवाह करण्यासही काहींना मनाई होती आणि ती १९४८ पर्यंत टिकली. परवाना देताना वर आणि वधू यांचा रंग सारखा दिसतो का हे कारकून ठरवी. त्यातून मेक्सिकन स्त्रिया आणि पंजाबी पुरुष यांची शेकडो लग्ने झाली. त्यांच्यावर कॅरन लेनर्ड यांचे १९९२ सालचे संशोधन आहे, आणि त्याचा मोठा आधार काउंटीची दप्तरे हाच आहे.

१३/ मी इम्पीरियल काउंटीत लग्नाची नोंद शोधली, मिळाली नाही. ती मिळाली शेजारच्या सॅन डिएगो काउंटीत, १९२१ सालची. हा चौथा धडा. लग्न राहत्या काउंटीतच होते असे नाही. नियम जेथे सैल, कारकून जेथे कमी चौकस, वधूची बहीण जेथे राहते, तेथेही होते. म्हणून राहत्या काउंटीला लागून असलेल्या प्रत्येक काउंटीची सूची पाहावी. नावाच्या वर्णलेखनावर विसंबू नये. आनंदीबाई जोशी स्वतः आपले आडनाव शेवटी दोन ‘ई’ लावून लिहीत. ज्याला आपली भाषाच ठाऊक नाही अशा कारकुनाने ऐकून काय लिहिले असेल, याचा अंदाज मोठ्याने उच्चार करूनच बांधता येतो.

१४/ त्या परवान्यावर वराची पूर्वस्थिती लिहिली आहे : अविवाहित. खाली सही. तीच सही, त्याच वळणाची, जी तीन वर्षांपूर्वी ‘पत्नी’ या शब्दाखाली होती. दोन्ही कागद अस्सल आहेत, दोन्ही सरकारी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. पुढे कित्येक दिवस मी ती फाईल उघडली नाही. वडिलांना काय सांगायचे हे ठरत नव्हते. शेवटी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. या वेळी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “काकीआजी नाहीत हे बरे.”

१५/ दप्तरशोधाचा सर्वांत मोठा धडा हाच आहे. सरकारी नोंद म्हणजे सत्य नव्हे. ती एक साक्ष असते. विशिष्ट दिवशी, विशिष्ट कारणासाठी, विशिष्ट प्रश्नाला कोणीतरी दिलेले उत्तर. १९१८ साली युद्धावर जावे लागेल की काय ही भीती होती आणि प्रश्न होता, तुझे कोण आहे? १९२१ साली परवाना हवा होता आणि प्रश्न होता, तुला अडथळा आहे का? माणूस तोच, प्रश्न वेगळे. उत्तराचा निवाडा करण्यापूर्वी प्रश्न वाचावा आणि तो का विचारला गेला हेही पाहावे. मी त्यांना क्षमा केली असे म्हणत नाही. ती करण्याचा अधिकार माझा नाही.

१६/ मुलगी १९२२ सालची. कॅलिफोर्नियाच्या जन्मसूचीत आईचे माहेरचे आडनावही असते; त्यावरून खातरजमा झाली. मग रेकॉर्डरच्या दप्तरात खरेदीखतांची सूची पाहिली. तेथे दोन याद्या असतात : देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. १९१३ आणि १९२० च्या कायद्यांनी नागरिकत्वास अपात्र परकीयांना कॅलिफोर्नियात शेतजमीन घेता येईना आणि १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोकांना अपात्र ठरवले. तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे जमीन घेण्याची वाट अनेकांनी धरली. आमच्या धाकट्या पणजोबांच्या नावे एक गुंठाही सापडला नाही. वीस एकर सापडले ते त्या लेकीच्या नावे.

१७/ मृत्यूचा दाखला १९३७ सालचा. तो वाचण्याची रीत सांगते. दाखल्यात दोन प्रकारची माहिती असते. मृत्यूची तारीख, स्थळ आणि कारण डॉक्टर लिहितो. ते बहुधा भरवशाचे. जन्मतारीख, आईबापांची नावे, जन्मगाव ही माहिती देणारा वेगळा असतो आणि त्याचे नाव दाखल्यावरच असते. आमच्या दाखल्यावर माहिती देणारी होती पंधरा वर्षांची मुलगी. वडिलांच्या वडिलांचे नाव तिने बरोबर सांगितले. आईचे नाव : माहीत नाही. जन्मस्थळ : मुंबई. आपल्या बापाचे गाव तिला कधी सांगितले गेले नव्हते, एवढे त्या एका शब्दावरून कळले.

१८/ अंत्यविधीच्या रकान्यात ‘दहन’ आहे, म्हणजे थडगे नाही. थडग्यांवर फार विसंबणाऱ्यांना आनंदीबाई जोशींचे उदाहरण सांगावेसे वाटते. त्यांचे शिक्षण फिलाडेल्फियात. ज्यांच्याकडे त्या प्रथम राहिल्या त्या कार्पेंटरबाईंचे घर न्यू जर्सीच्या रोझेल गावी. आणि त्यांचा स्मृतिशिळा असलेला चौथरा न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत, पोकिप्सी येथे. मृत्यू मात्र २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात झाला. रक्षा तेवढी अमेरिकेस गेली. तीन राज्यांत तीन काउंट्या, आणि त्यांपैकी एकीच्याही मृत्युनोंदवहीत त्या असण्याचे कारण नाही. शिळा स्मरण सांगते. मृत्यू कोठे झाला हे सांगेलच असे नाही.

१९/ व्यवहाराचे थोडे. यातली बरीच पुस्तके घरबसल्या पाहता येतात. १८९४ साली स्थापन झालेल्या युटाच्या वंशावळ संस्थेने १९३८ पासून जगभरची दप्तरे सूक्ष्मपटावर घेतली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आहेत. तरी सूची पाहून थांबू नये, मूळ पानाची प्रतिमा मिळवावी; सूची करणाऱ्याच्या नजरेतून सुटलेले बरेच काही तेथे असते. काउंटीतल्या स्थानिक इतिहास मंडळांना सौजन्याने, नेमका प्रश्न लिहून विचारावे. आणि हयात व्यक्तींची माहिती कधीही प्रसिद्ध करू नये. म्हणूनच या लेखनात एकही नाव नाही.

२०/ ती मुलगी आता नाही. तिची मुले-नातवंडे आहेत. त्यांच्यासाठी एक पत्र मी लिहून ठेवले आहे, अद्याप पाठवलेले नाही. आमच्याकडचे सत्य सांगायचे तर त्यांच्या आजोबांची पहिली पत्नी त्यांच्या दारात नेऊन उभी करावी लागते. ती वगळून लिहायचे तर मीही त्या परवान्यावर दुसऱ्यांदा सही केल्यासारखे होते. हा निर्णय कोणतीही काउंटी आपल्यासाठी करत नाही.

२१/ निर्णय एकच झाला आहे, कुलवृत्तांताचा. नव्या आवृत्तीच्या मंडळात दोन मते पडली. एक म्हणाले, लेक आहे, पुत्र नाही, तेव्हा ‘निर्वंश’ शब्द तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. मी गावच्या कोतवाल बुकाची प्रत पुढे ठेवली. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे पुस्तक आता घरोघर माहीत झाले आहे. त्यात गावच्या कोतवालाने मुलींचे जन्मही मुलांच्या जन्मांइतक्याच निर्विकारपणे लिहिले आहेत. जे त्या वहीला जमले ते आपल्याला का जमू नये, एवढेच विचारले. शब्द निघाला. आता तेथे दोन पत्नींची नावे आहेत, एका कन्येचे आहे, आणि मृत्यूचे वर्ष आहे : १९३७.

२२/ ते वर्ष छापलेले पाहून वडिलांनी बोटे मोजली. १९३७ ते १९६१ : चोवीस वर्षे. एवढी वर्षे काकीआजींनी लावलेले कुंकू कागदाच्या हिशेबाने चूक होते. कॅलिफोर्नियात दूरच्या नातलगाला मृत्युदाखल्याची पूर्ण अधिकाराची प्रत मिळत नाही; माहितीपुरती प्रत मिळते. तिच्यावर ठळक शिक्का असतो की ओळख सिद्ध करण्यास हा कागद ग्राह्य नाही. ती प्रत आता काकीआजींच्या छायाचित्रामागे, त्या रिकाम्या पाकिटात आहे. बरोबर १९१८ चे पत्रकही ठेवले आहे. दोन्ही एकत्र ठेवावीत, असे वडीलच म्हणाले. (समाप्त)